नऊ हँडिकॅपचे कवळीवाले

घर बदललं की माणूस आधी काय शोधतो? दूधवाला, वाणी, बरा डॉक्टर, फार तर दाढी करणारा. कवळीवाल्यांनी यातलं काहीएक शोधलं नाही. सामानाचे खोके अजून दिवाणखान्यात छातीपर्यंत रचलेले होते, गाळणी सापडत नव्हती म्हणून बायको रुमालातून चहा गाळत होती, आणि हे गृहस्थ खिडकीशी उभे राहून नव्या गावाचा नकाशा बघत होते. त्यावरच्या हिरव्या डागांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढत होते. तीन गोल झाले. तीन गोल्फ क्लब.

कवळीवाले हे नाव त्यांना धंद्यावरून पडलं. दातांचे डॉक्टर जबड्याचा साचा घेत, पण दात घडवायचे ते हे. चाळीस वर्षांत हजारो तोंडांची सोय त्यांनी केली. काम असं काटेकोर की अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे खपायचा नाही. "अर्धा मिलिमीटर म्हणजे काय ते मला विचारू नका, जेवताना रडणाऱ्या माणसाला विचारा," असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावरही सवय गेली नाही. कुणी नवा भेटला की हे आधी त्याचे दात बघणार, मग चेहरा, आणि नाव बहुधा तिसऱ्या भेटीत.

बायकोच्या गुडघ्यांनी संप पुकारला, जुनं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. म्हणून चार तासांच्या अंतरावर, मुलीच्या गावात, तळमजल्यावर येऊन राहिले. पंधरा दिवसांत यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले आणि बायकोचे पांढरे कपडे पिवळसरपणाच्या क्रमाने रचले. सोळाव्या दिवशी तिने तोंड उघडलं.

"हे बघा, बुधवारी आणि शनिवारी तुम्ही घराबाहेर असायचात, म्हणून हा संसार टिकला. बावीस वर्षं. आता महिन्याच्या आत एखाद्या क्लबात नाव घाला."

"अगं, क्लब मला घेतात की नाही हा प्रश्नच नाही. मी कुठला घेतो हा प्रश्न आहे," असं म्हणून कवळीवाल्यांनी शर्टाचा खिसा थोपटला.

त्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटात जुन्या क्लबाचं पत्र होतं. पत्रात लिहिलं होतं: हँडिकॅप नऊ. ज्यांना या खेळातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदान पुरं करायला चांगल्या खेळाडूला बहात्तर फटके लागावेत असं धरलेलं असतं. तुम्हाला त्याहून साधारण किती जास्त लागतात, तो तुमचा हँडिकॅप. जितका लहान, तितका माणूस मोठा. नऊ म्हणजे फारच मोठा माणूस. कवळीवाल्यांना आयुष्यात कुणी हार घातला नव्हता, कुठल्या फळ्यावर त्यांचं नाव नव्हतं, घडवलेल्या हजारो कवळ्यांपैकी एकीवरही त्यांची सही नव्हती. होता तो एवढा नऊ.

आता हा नऊ आला कसा, ते सांगायला हवं. जुन्या क्लबात चौघांचं टोळकं होतं: दातांचे डॉक्टर, वकील, स्टेशनमास्तर आणि हे. गोल्फमध्ये तुमच्या फटक्यांचं कार्ड तुम्ही लिहीत नाही, जोडीदार लिहितो. त्या क्लबात तर स्वतःचे फटके मनातल्या मनात मोजणंही असभ्य समजत. पाहुण्याने स्वतःच्या ताटातले घास मोजण्यासारखं. म्हणून यांचं कार्ड डॉक्टर लिहायचे, आणि वकिलांचं हे.

आणि इथे कवळीवाल्यांच्या पोटात एक गोष्ट होती, जी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. वकिलांचं कार्ड ते खोटं लिहीत. पहिल्याच वर्षी वकील एक मोठा खटला हरून आले होते. वाळूच्या खड्ड्यात त्यांना अकरा फटके लागले, आणि त्यांचं तोंड इतकंसं झालं. यांनी सहा लिहिले. संध्याकाळी कार्ड बघून वकील असे खुलले की पुढच्या आठवड्यात खरं लिहायला यांचा हात धजेना. एकदा कवळी बसवलेल्या माणसाला त्याचं बोळकं आरशात कसं दाखवायचं? मग वकिलांचा चेंडू झुडपात गेला की हे आधी धावत जात आणि बुटाच्या टोकाने तो हळूच मोकळ्यावर आणत. बावीस वर्षं वकील चौऱ्याऐंशीच्या आसपास खेळत राहिले. खरे किती होत, ते देवाला आणि कवळीवाल्यांना ठाऊक. दातांत अर्धा मिलिमीटर न खपवणारा माणूस मैत्रीत चाळीस फटके बिनदिक्कत खपवत होता, आणि त्याबद्दल स्वतःवर मनातून खूशही होता.

जुन्या टोळक्यात यांच्या जागी आता हवामान खात्यातले एक निवृत्त गृहस्थ आले होते. जेवढा पाऊस पडला तेवढाच लिहायची जन्माची सवय. वकिलांचं कार्ड त्यांच्याकडे गेलं.

पहिल्याच शनिवारी दुपारी फोन आला.

"कवळ्या, एकशे अठरा!"

"वारा असेल," कवळीवाले म्हणाले.

"वारा? झाडाचं पान हलत नव्हतं. तू गेलास आणि माझा खेळ बसला रे."

"अरे, होतं असं कधी कधी. पुढच्या शनिवारी बघ." फोन ठेवला तेव्हा कवळीवाल्यांचे कान गरम झाले होते. सांगून टाकावं, असं क्षणभर वाटलं. पण काय सांगणार? आणि मुख्य म्हणजे, सोमवारी पहिल्या क्लबात जायचं होतं.

पहिला क्लब गावातला सगळ्यात जुना. दारातच मोज्यांची उंची तपासणारा माणूस पट्टी घेऊन उभा. सचिवांनी पत्र वाचलं, नऊ बघून भुवया वर नेल्या आणि बोटाने एक जाड वही पुढे सरकवली.

"प्रतीक्षा यादीत तुमचा नंबर दोनशे बारा."

"साधारण किती दिवस लागतील?"

"दिवस?" सचिव हसले. त्यांची वरची कवळी किंचित सैल होती, हे कवळीवाल्यांनी टिपलं. "आमचे सभासद राजीनामा देत नाहीत. वर गेल्याशिवाय खाली जागा होत नाही. सभासदांचं सरासरी वय एक्याऐंशी आहे, तेव्हा आशेला जागा आहे. गेल्या हिवाळ्यात चांगली हालचाल झाली होती."

बाहेर व्हरांड्यात सूचनाफलकापुढे पाच-सहा माणसं गर्दी करून उभी होती. कवळीवाल्यांना वाटलं सामन्याचा निकाल लागला असेल. फलकावर आजारी सभासदांची यादी होती, आणि प्रतीक्षा यादीतले लोक रोज सकाळी येऊन ती वाचत. "आठ नंबरचे बरे होऊन घरी आले म्हणे," एक जण चुकचुकत म्हणाला. सगळे हळहळले. कवळीवाल्यांनीही नकळत मान हलवली, मग स्वतःचीच शरम वाटून ते झपाझपा बाहेर पडले.

दुसऱ्या शनिवारी वकिलांचे एकशे एकोणीस झाले. "डोळे तपासून आलो," ते म्हणाले. "डोळ्यांत काही नाही. मग दोष कुठाय?" कवळीवाल्यांनी हवापाण्याबद्दल काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली.

दुसरा क्लब बघून त्यांचे डोळेच दिपले. असं गवत त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि त्या गवतावर चिटपाखरू नाही. सभासद मात्र भरपूर होते. कडेच्या फरसबंद वाटेवरून उंची काठ्या खांद्यावर टाकून जोडीजोडीने फिरत होते.

"खेळ कधी सुरू होतो?" यांनी गवत समितीच्या अध्यक्षीणबाईंना विचारलं.

"कुठला खेळ?"

"गोल्फ."

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू यांनी देवघरात चप्पल घालून येऊ का असं विचारलं असावं. "गवत तयार व्हायला नऊ वर्षं लागली आहेत. त्यावर पाय द्यायचा? पलीकडे बसलेत ते सहा जण सहाव्या वर्षी खेळले होते. अजून त्यांच्याशी कुणी बोलत नाही." मग जरा मऊ होऊन त्या म्हणाल्या, "तुमचा नऊ आहे ना? छान. आमच्याकडे नऊवाले दोघे आहेत. मंगळवारी त्यावर चर्चा असते."

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे कवळीवाल्यांइतकं कुणाला कळणार? घरी येऊन त्यांनी नकाशावरचा दुसरा गोलही खोडला. बायको म्हणाली, "महिन्याला नऊ दिवस राहिले." आणि त्याच शनिवारी वकिलांनी फोनवर हॅलोसुद्धा न म्हणता आकडा सांगितला. एकशे बावीस. साखर तपासली, कान तपासले, सगळं ठीक. आवाज असा बारीक, की कवळीवाल्यांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. पण सांगितलं नाहीच. आपलं कार्ड बिनडागाचं असताना मित्राला त्याचं खोटं आहे म्हणून कसं सांगायचं? माणूस खचेल.

तिसरा क्लब गावाबाहेर, पाण्याच्या टाकीमागे. नऊच होल, म्हणून अठरा पुरे करायला मैदान दोनदा फिरायचं. क्लबघर म्हणजे पत्र्याची शेड, आत एक लांब बाक, चहाची किटली आणि तीसेक माणसं. अध्यक्ष बसचे निवृत्त ड्रायव्हर होते. पुढचे दोन दात नव्हते, आणि त्याबद्दल त्यांना काडीचं वाईट वाटत नव्हतं. ते कवळीवाल्यांना लगेच आवडले.

"आमचा नियम एकच," अध्यक्ष म्हणाले. "नव्या माणसाने एकदा मैदान खेळायचं. मागून मोजणीबाई मोजतात. मग या बाकावर उभं राहून आपला आकडा सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने सांगायचा. बाईंच्या आकड्याशी जुळला की तुम्ही सभासद. आकडा केवढा का असेना."

"एवढंच?"

"एवढंच म्हणता? दर वर्षी चार-पाच माणसं बाकावरून उतरून सरळ बसथांब्याकडे जातात."

मोजणीबाईंनी बोटींच्या धक्क्यावर एकतीस वर्षं चढणारी माणसं मोजली होती. मुठीत एक डबी, तिच्यावरचं बटण दाबलं की आकडा एकाने पुढे सरके. कवळीवाल्यांनी पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचलं, "असं का" म्हणून परत दिलं आणि डबी शून्यावर आणली.

कवळीवाल्यांनी पवित्रा घेतला, कंबर वळवली, काठी फिरवली. चेंडू जागच्या जागी.

टक्.

"हे काय मोजलंत?"

"फटका."

"लागला कुठे?"

"मारलात तर खरा."

"तो सराव होता."

"सरावानंतर माणूस चेंडूला शिव्या देत नाही," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या होलला चेंडू झुडपात गेला. कवळीवाले सवयीने थांबून राहिले. कुणीच शोधायला जाईना. बाई म्हणाल्या, "जा की." झुडपात वाकल्यावर यांना चेंडू दिसला, पण तो दोन मुळांच्या बेचक्यात रुतून बसलेला. तिथून बाहेर यायला सात फटके. टक्, टक्, टक्. सातव्या टकटकीला घाम पुसताना त्यांच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो काही केल्या जाईना. जुन्या मैदानावर यांचा चेंडू झुडपात गेला की डॉक्टर आधी धावत. डॉक्टरांना तो नेहमी सापडायचा. आणि नेहमी मोकळ्यावर असायचा. केवढी तीक्ष्ण नजर, असं कवळीवाल्यांना बावीस वर्षं वाटत आलं होतं.

ते झुडपाशीच उभे राहिले.

"बरं वाटत नाही का?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टरांचे बूट," कवळीवाले म्हणाले. "उजव्या बुटाचं टोक कायम घासलेलं असायचं."

बाईंना यातलं काही कळलं नाही, आणि बूट मोजायचे नसल्यामुळे त्यांनी विचारलंही नाही. पुढचे पंधरा होल कवळीवाले कसे खेळले ते त्यांचं त्यांना आठवत नाही. जन्मात पहिल्यांदाच ते स्वतःचे फटके मोजत होते. शेवटचा चेंडू होलात पडला तेव्हा बाईंनी मूठ उघडून दाखवली, पण दाखवायची गरज नव्हती. एकशे एकतीस.

त्यांना आधी राग आला. डॉक्टरांचा, क्लबाचा, त्या प्लास्टिकच्या पाकिटाचा. मग लाज वाटली. आपण एकटेच दयाळू, बाकी तिघे आपले नुसते खेळाडू, अशा थाटात आपण बावीस वर्षं छाती काढून फिरलो. अहो रूपम् अहो ध्वनिः! उंटाने गाढवाचा आवाज वाखाणायचा आणि गाढवाने उंटाचं रूप.

अध्यक्षांनी त्यांना शेडच्या कोपऱ्यात गाठलं. आवाज खाली आणला.

"हे बघा, त्या मोज्यांवाल्या क्लबाशी आमचा दर वर्षी सामना असतो. सतरा वर्षं हरतोय. आम्ही खरं मोजतो ना, दुसरं काय होणार? नऊचा माणूस आमच्या दारात जन्मात आला नव्हता. तुम्ही बाकावर चढू नका. पोट बिघडलं होतं म्हणा. आजचं रद्द करू, रविवारी पुन्हा खेळा."

"तुमचा नियम?"

"नियमाला पोट थोडंच असतं?" अध्यक्षांनी स्वतःच्याच पोटावर हात फिरवून खूण केली. "अहो, नऊ! नऊ!"

नऊ राखायचा होता तर एक वाक्य पुरे होतं. कवळीवाले म्हणाले, "पाच मिनिटं द्या," आणि शेडमागे जाऊन त्यांनी वकिलांना फोन लावला. शनिवारची दुपार असून त्यांचा फोन आला नव्हता.

फोन वहिनींनी उचलला. "आज गेलेच नाहीत खेळायला, भावजी. पांघरूण घेऊन पडलेत. काठ्या भाच्याला देऊन टाका म्हणतात. मंगळवारी डोक्याचा फोटो काढायचाय. तुम्ही तरी समजवा."

"द्या त्याला."

बराच वेळ खुडबुड झाली, मग वकिलांचा आवाज आला. "कवळ्या, माझ्या मेंदूत काहीतरी झालंय. चौऱ्याऐंशीवाला माणूस महिन्यात एकशे बावीसवर जातो का?"

"जात नाही. तू चौऱ्याऐंशी कधी खेळलाच नाहीस."

"म्हणजे?"

"मी लिहायचो. तुझे झुडपातले चेंडू मी बुटाने बाहेर काढायचो. त्या पहिल्या अकरांचे सहा केले ना, तेव्हापासून."

"बावीस वर्षं?"

"बावीस वर्षं."

मैत्री गेली, असंच कवळीवाल्यांनी धरलं.

"म्हणजे मी आजारी नाही?" वकिलांनी विचारलं.

"नाही रे. तू पहिल्यापासून असाच खेळतोस."

काहीतरी आपटल्याचा आवाज आला, आणि मग वकील घरातल्या घरात ओरडताना ऐकू आले. "अगं, ऐकलंस का? मला काहीही झालेलं नाही! मी पहिल्यापासूनच भिकार खेळतो!" मग फोनवर येऊन दम खात म्हणाले, "तुझ्यावर मी चिडलोय बरं का. नीट उद्या चिडेन. आज वेळ नाही."

"ऐक. माझे आज एकशे एकतीस झाले."

"एवढेच? सुधारलास की!"

कवळीवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुझं आम्हा सगळ्यांना माहीत होतं रे. स्टेशनमास्तरचंही. माझंच काय ते मला माहीत नव्हतं." वकील कुजबुजले. "डॉक्टरला काही बोलू नकोस हां. त्याला वाटतं त्याचा बारा आहे."

कवळीवाले शेडमध्ये परतले तेव्हा किटली बाजूला ठेवून सगळे वाट बघत होते. अध्यक्ष पोटावर हात ठेवून डोळे मिचकावत होते. मोजणीबाई मूठ मिटून बाकाच्या टोकाशी उभ्या. कवळीवाले बाकावर चढले. बाक डुगडुगला. तीस माणसांची तीस तोंडं समोर होती आणि त्यांना त्यातला एकही दात दिसेना. पासष्टाव्या वर्षी नव्या गावात येऊन, ओळख ना पाळख, अशा लोकांपुढे हे सांगायचं.

"एकशे एकतीस," ते पुटपुटले.

"ऐकू आलं नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

अध्यक्षांनी कपाळावर हात मारून घेतला. कवळीवाल्यांनी श्वास घेतला आणि शेडचा पत्रा वाजेल अशा आवाजात सांगितलं, "एकशे एकतीस!"

मोजणीबाईंनी मूठ उघडली, चष्मा सावरला, डबीतला आकडा नीट बघितला. "बरोबर," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांत त्यांच्या आकड्याला कुणी बरोबर म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. बाकावरून उतरताना कवळीवाल्यांना रडू आलं.